कामावरच्या साड्या

आमच्या घरातल्या नोकरी करणाऱ्या बायकांची पहिली पिढी म्हणजे आई, मावशी, धाकटी आत्या आणि थोरली काकू. आई नांदेड जिल्ह्यातल्या भोकर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळांवर, मावशी प्राथमिक आरोग्य केंद्रात, आत्या महसूल खात्यात आणि काकू एका शाळेच्या कार्यालयात. आता चौघी निवृत्त आहेत. दिवाळीला एकत्र जमल्या की बोलणं फिरत फिरत साड्यांवर येतं, आणि त्यातही कामावर नेसायच्या साड्यांवर. लग्नातली साडी माहेरनं दिलेली, सणाची सासरनं. कामावरची तेवढी त्यांनी स्वतःच्या पगारातून, स्वतःच्या डोक्यानं घेतलेली.

हे डोकं त्यांना कुणी दिलं नव्हतं. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. मुलींच्या शाळा मोजक्या, वरच्या वर्गांचं शिक्षण उर्दूतून. आमच्या दोन्ही आज्या अंगठा उठवणाऱ्या. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या, गावोगाव शाळा उघडल्या आणि मॅट्रिक झालेल्या, डी.एड. केलेल्या मुलींना नोकऱ्या मिळू लागल्या. १९७५ मध्ये देशात एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि पुढे अंगणवाड्यांमुळे आणखी बायका कामाला लागल्या. पुरुषांचा प्रश्न आधीच सुटलेला होता: गुरुजींचं धोतर-टोपी नाहीतर पँट-शर्ट. बाईनं वर्गात फळ्यापुढे उभं राहताना किंवा शेतकऱ्यांच्या गर्दीत रजिस्टर उघडून बसताना काय नेसावं, याचा नमुना भोकरसारख्या गावात समोर नव्हता. तो या बायकांनी तयार केला. याबद्दल त्यांना कुणी शाबासकी दिल्याचं मला आठवत नाही, म्हणून हे लिहिते आहे.

पहिला सामना घरातच झाला. आजी इरकली लुगडं नेसायची, नऊवारी, डोईवरून पदर. सून सहावारी गोल साडी नेसून नोकरीला निघाली तेव्हा ती म्हणाली, “एवढ्याशा कापडात काय झाकतंय गं माय?” आईनं वाद घातला नाही. गाव सुटेपर्यंत पदर डोक्यावर आणि एसटीत बसल्यावर खांद्यावर, अशी वाट तिनं काढली. तालुक्यातल्या कित्येक बायांनी तीच काढली होती. किनी, पाळज, भोसीकडच्या गाड्यांमध्ये सकाळी चढणाऱ्या शिक्षिका खिडकीशी बसून आधी पदराच्या निऱ्या खांद्यावर पिनेनं टाचायच्या, मग पिशवीतला टिपणवह्यांचा गठ्ठा काढायच्या. परतताना थांबा आला की पदर पुन्हा डोक्यावर. पुढे एके दिवशी आजीच म्हणाली, “राहू दे आता. बाई हायस तू, समद्या गावाला म्हाईत हाय.” आई हे अजून सांगते आणि दर वेळी तिचा आवाज भरून येतो.

पदर टाचणं ही वरवर बारीक गोष्ट, पण सगळी नोकरी त्या एका पिनेवर चालायची. फळ्यावर लिहायला दोन्ही हात मोकळे हवेत, बाळाला लस टोचताना पदर खाली यायला नको, एसटीच्या दांड्याला धरून उभं राहिलं तरी पोट उघडं पडायला नको. टेलिव्हिजन आला तेव्हा दूरदर्शनवर बातम्या देणाऱ्या बायकांचं बोलणं घरातले पुरुष ऐकायचे आणि या चौघी त्यांचा पदर बघायच्या. मंगळसूत्रात किंवा बांगडीत दोन-चार पिना जास्तीच्या अडकवलेल्या असायच्या. परीक्षेच्या दिवशी एखाद्या मुलीचं बटण तुटलं तर त्यातलीच एक निघायची.

मग प्रश्न कापडाचा. भोकरचा उन्हाळा ज्यानं काढलाय त्याला तो समजावून सांगावा लागत नाही. पत्र्याच्या वर्गखोलीत मार्च-एप्रिलमध्ये नायलॉन अंगाला चिकटतं, म्हणून उन्हाळ्याला सुती. पण सुतीला खळ लागते, नीळ लागते, इस्त्री लागते, आणि मे महिन्यात नळाला पाणी नसतं. पावसाळ्यात सुती साडी दोन दोन दिवस वाळत नाही आणि वाटेवरचा चिखल तिला सोडत नाही, म्हणून पावसाळ्याला सिंथेटिक. ती रात्री पिळून टाकली की सकाळी नेसायला तयार. अशा रीतीनं कपाटाचे दोन भाग आपोआप पडले: खळीच्या आणि पिळायच्या. गार्डनच्या छापील साड्यांचं त्या काळी फार कौतुक होतं. अंगावर हलक्या, चुरगळत नाहीत. आत्याची एक करडी गार्डन साडी आम्ही सगळ्यांनी लहानपणापासून बघितली आहे. ती तिनं कलेक्टर कचेरीतल्या बैठकांना नेसली, माझ्या दहावीच्या निकालालाही नेसली.

आईची निवड नारायणपेठ. तेलंगणातलं हे विणकरांचं गाव आम्हाला पुण्या-मुंबईपेक्षा जवळचं. १९५६ पर्यंत आमची राजधानी हैदराबादच होती, नातीगोती तिकडे. मामा सुलतान बाजारातून सुती नारायणपेठ आणायचे. आई ती का निवडायची याचं कारण तिनं मला एकदा नीट सांगितलं होतं. खडूची भुकटी गडद साडीवर दिसते, म्हणून अंग फार गडद नको. वाटेवरची काळी माती फिक्या साडीवर दिसते, म्हणून खालचा काठ गडद आणि रुंद हवा. नारायणपेठेत मधल्या रंगाच्या अंगाला गडद काठ मिळतो, आणि तो जाड विणीचा काठ पावलांशी वजन धरतो, साडी वाऱ्यानं उडत नाही. सौंदर्याबद्दल ती एक अक्षर बोलली नाही, तरी त्या साडीत ती फार सुंदर दिसायची.

मावशीचं गणित निराळं. कामावर तिला पांढरी गणवेशाची साडी, आणि दवाखान्यातले डाग सगळे हट्टी: आयोडीनचा तपकिरी, जेन्शियन व्हायोलेटचा जांभळा. तिच्याकडे रोजच्या आणि भेटीच्या अशा वेगळ्या पांढऱ्या साड्या असत. मोठे डॉक्टर किंवा जिल्ह्याचे साहेब तपासणीला यायचे त्या दिवशी डाग नसलेली. पण बाळंतपणाला रात्री गावात बोलावणं आलं की ती हाताला लागेल ती नेसून निघे. “बाळाला काय कळतंय काठाचं,” म्हणायची. आत्याचा शत्रू शाईचा पॅड आणि कार्बन पेपर. वर लाकडी खुर्चीचे निघालेले खिळे. तिनं कचेरीतली खुर्ची स्वतः हातोडीनं ठोकून घेतली, मगच तिच्यावर नवी साडी नेसून बसली.

ब्लाउजच्या बाबतीत मात्र चौघींचं एकमत. प्रत्येक साडीवर वेगळा ब्लाउज हा लग्नसराईचा थाट. कामाला काळा, मरून, बाटलीहिरवा आणि पांढरा असे टू बाय टू रुबियाचे चार ब्लाउज असले की कुठलीही साडी निभते. बाही कोपराच्या जरा वर, गळा लहान, पाठ बंद. शिंपी एकच, बदली होऊन दुसऱ्या गावी गेलं तरी माप त्याच्याचकडे. परकर सुती पॉपलीनचा, कारण साडी सिंथेटिक असली तरी आत सुती असेल तर उन्हाळा सोसतो. फॉल आधी भिजवून आटवून मगच लावायचा, नाहीतर पहिल्या धुण्यात साडीच्या निऱ्या गोळा होतात. हे सगळं त्या एकमेकींकडून शिकल्या. केंद्रात बैठक असली की मधल्या सुट्टीत कुणी ना कुणी पदराचं टोक चिमटीत धरून विचारायचंच, “कुठून घेतली, रंग जातो का?” रंग जातो का, हा पहिला प्रश्न, किंमत नंतर.

पैसे हप्त्यानं. नांदेडला वजिराबादेत किंवा जुन्या मोंढ्यावर वर्षातून एक-दोनदा जाणं व्हायचं, बहुधा महागाई भत्त्याचा फरक हाती आला की. एरवी साड्यांची भिशी, नाहीतर गाठोडं घेऊन शाळेत येणारा कापडवाला. नवी साडी एकदम शाळेत नेसायची नाही, आधी घरी एकदा धुऊन नेसायची. जुनी झाली की घरात, त्यानंतर वाकळीत.

काकूचं सांगताना हात जड होतो. काका नोकरीत असतानाच गेले. तिला अनुकंपा तत्त्वावर त्यांच्या जागी घेतलं, तेव्हा ती पस्तिशीचीही नव्हती. विधवेनं रंग नेसायचा नाही हे घरानं सांगितलं नव्हतं आणि सांगायची गरजही नव्हती. ते हवेतच होतं. ती फिक्या, जवळजवळ पांढऱ्या साडीत कामावर जायला लागली आणि लोक कामाचं बोलायच्या आधी हळहळ व्यक्त करायचे. शाळा सोडल्याचा दाखला मागायला आलेला माणूससुद्धा आधी उसासा टाकायचा. शेवटी कार्यालयातल्या दोघी बायांनी मिळून तिला एक बाटलीहिरवी साडी आणून दिली आणि म्हणाल्या, “बाई, तुमच्या हातात शाळेचा हिशेब आहे. हे नेसून बसा.” तिनं ती महिनाभर घडीतच ठेवली. मग आईनं स्वतः तिच्या निऱ्या घालून दिल्या. त्या दिवसापासून लोक दाखल्याबद्दल बोलू लागले. काकूच्या सगळ्या साड्यांत मला ती श्रेष्ठ वाटते. कापड साधंच होतं.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि आमच्याकडूनही लातूर-उस्मानाबादच्या गावांसाठी कपडे गोळा झाले. लोकांनी बरंच फाटकं-विटकं काढलं होतं. आईनं आपल्या चांगल्या खळीच्या सुती साड्या दिल्या. आम्ही विचारलं तर म्हणाली, “तिथल्या बाईला उद्या पंचनाम्याला चार माणसांत उभं राहायचंय. तिला धड नेसायला नको?” कपडा म्हणजे काय, याबद्दल आमच्या घरात यापेक्षा खरं कुणी बोललेलं नाही.

पुढच्याच वर्षी, १९९४ मध्ये, राज्याचं पहिलं महिला धोरण आलं. त्यात सरकारी नोकऱ्यांत महिलांना ३० टक्के जागा ठरल्या. हळूहळू कचेऱ्यांत नव्या मुली दिसू लागल्या आणि त्यांच्याबरोबर पंजाबी ड्रेस आला. काहींनी नाकं मुरडली. आमच्या घरात उलट झालं. मला नोकरी लागली तेव्हा आईच म्हणाली, “ड्रेस घाल. एसटीत पटकन चढता येतं, स्कूटी चालवता येते. ओढणी मात्र सुती घे आणि दोन्हीकडे टाच.” तिचा जीव साडीत अडकलेला नव्हता. काम नीट व्हावं आणि बाईचं ऐकलं जावं, एवढंच तिला हवं होतं.

८ डिसेंबर २०२० ला सामान्य प्रशासन विभागानं सरकारी कर्मचाऱ्यांच्या पेहरावाबद्दल परिपत्रक काढलं: बायकांनी साडी, सलवार किंवा चुडीदार कुर्ता, ट्राउझरवर कुर्ता किंवा शर्ट, भडक नक्षीकाम नको, पायात स्लीपर नको, आठवड्यातून निदान शुक्रवारी खादी. मार्च २०२४ मध्ये शिक्षकांसाठीही तसंच परिपत्रक निघालं. मी दोन्ही आईला वाचून दाखवली. तिनं शांतपणे ऐकलं आणि खादीशी थांबली. खादी तर आपल्याच जिल्ह्याची, म्हणाली. खरंच आहे: नांदेडची मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती ही खादीचा राष्ट्रध्वज तयार करणाऱ्या देशातल्या मोजक्या संस्थांपैकी एक, आणि त्याचं कापड लातूर जिल्ह्यात उदगीरला विणलं जातं. इतकं चांगलं कापड दाराशी असताना आपण शुक्रवारचा कुर्ता मोबाइलवरून कुठूनही मागवतो, हे मला पटत नाही.

आज भोकरच्या ज्या मुलीच्या हातात नेमणुकीचा आदेश पडला आहे, तिला या चौघींच्या वतीनं सांगते. पहिल्या पगारात दहा कपडे घेऊ नकोस. उन्हाळ्याचे दोन सुती आणि पावसाळ्याचे दोन लवकर वाळणारे घे, सगळ्यांवर चालतील असे रंग निवड, शिंपी चांगला धर. बाजारात रंग जातो का हे आधी विचार. पायात असं घाल की एसटीमागे पळता येईल.

आणि ज्यांच्या घरात अशी निवृत्त बाई आहे त्यांनी या सुट्टीत तिच्याबरोबर बसून तिचं कपाट आवरावं. प्रत्येक साडी कुठे नेसली, कशासाठी घेतली हे ती सांगेल ते वहीत उतरवून घ्यावं. तिच्या सेवापुस्तकात बदल्या, रजा आणि वेतनवाढी आहेत. यातलं काहीही नाही.