मुदतीचे मोल

चित्रपटांच्या कीर्तीवर बेतलेले व्हिडिओ खेळ बहुधा त्या कीर्तीबरोबरच विस्मृतीत जातात. परंतु १९९५ च्या ‘गोल्डनआय’ या जेम्स बाँडपटावरून इंग्लंडमधील रेअर या संस्थेने निर्मिलेला आणि चित्रपटानंतर जवळजवळ दोन वर्षांनी, १९९७ च्या ऑगस्टात, निन्टेन्डो ६४ या यंत्रासाठी प्रसिद्ध झालेला खेळ आज पुन्हा खेळताना मला त्या नियमाचा थोर अपवाद वाटला. त्याचे दिग्दर्शन करणाऱ्या मार्टिन हॉलिस यांच्या हाताखालील बहुतेकांनी पूर्वी एकही खेळ रचलेला नव्हता. तरी धरणावरच्या पहिल्याच मोहिमेत, गोळीचा आवाज होताच पहारेकरी धावून येतात आणि काठिण्य वाढविले की शत्रूच्या बळाबरोबर बजावावयाची कामगिरीही वाढते, हे पाहून त्यांच्या प्रज्ञेविषयी नितांत आदर दाटून येतो. एकाच पडद्याचे चार भाग करून चौघांनी परस्परांशी झुंजण्याची, पुढे सर्वाधिक लोकप्रिय ठरलेली सोय तर काम संपत आले असता घातलेली. ऐंशी लाखांहून अधिक प्रती खपल्या, त्या केवळ बाँडच्या नावावर नव्हेत. मूळ कृतीचे विश्व नव्याने घडविण्यास कर्त्यांना अवधी मिळाला, म्हणून. रूपांतरकाराला आधी पुरेशी मुदत द्यावी, मगच त्याच्याकडे हिशेब मागावा.