कान लाल झाला म्हणून...

लहान मुलाचा कान दुखतो तो नेमका रात्रीच, दवाखाने बंद झाल्यावर! यात नशिबाचा भाग नाही. आडवं झालं की मधल्या कानातला दाब वाढतो, एवढंच. मधला कान आणि नाकाची मागची बाजू जोडणारी एक नळी असते. मोठ्यांत ती तिरकी उतरते, मुलांत आखूड आणि बरीचशी आडवी. सर्दीने ती सुजून बंद झाली की आत पाणी साचतं, त्यात जंतू वाढतात. सरळसरळ ड्रेनेजचा प्रॉब्लेम!

गेल्या महिन्यात माझ्या तीन वर्षांच्या भाचीचं हेच झालं. आई लसणाचं तेल कोमट करायला निघाली, ताईने थांबवलं. (पडद्याला भोक असेल तर तेल थेट आत जातं.) सकाळी डॉक्टरांनी कानात बघितलं आणि छोट्या रबरी फुग्याने हवेचा झोत सोडला. पडदा हलतो का ते बघायला. नुसता लाल पडदा म्हणजे इन्फेक्शन नव्हे. रडून आणि तापानेही तो लाल होतो. तो बाहेर फुगलेला हवा, मागे पाणी हवं. लाल दिवा लागला म्हणजे सर्व्हर पडलाच असं नाही, लॉग बघावा लागतो :)

निघालं इन्फेक्शनच, पण सौम्य आणि एकाच कानात. डॉक्टरांनी दुखण्यावर पॅरासिटामॉल दिलं, अँटिबायोटिक नाही. म्हणाले, दोन-तीन दिवस बघू. भावोजी वैतागले, "फी काय वाट बघायची घेतली?" मला मात्र पटलं. अमेरिकन बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या २०१३ च्या सूचनांतही हा पर्याय आहे: मूल दोन वर्षांवरचं, दुखणं सौम्य, ताप ३९ अंश सेल्सियसच्या आत, तर ४८ ते ७२ तास थांबता येतं. बरीच मुलं आपोआप बरी होतात. भाचीही झाली.

पण थांबणं म्हणजे विसरणं नव्हे. टाइमआउट ठरलेला हवा. सहा महिन्यांच्या आतलं बाळ, वाहणारा कान किंवा जास्त ताप असेल तर घरी थांबायचंच नाही. कानामागे सूज आली तर तडक हॉस्पिटल.

आणि एक. दुखणं गेलं तरी पडद्यामागचं पाणी कित्येक आठवडे राहू शकतं, तोवर ऐकू कमी येतं. भाषा शिकायच्या वयात हे महाग पडू शकतं, आणि एवढ्याशा मुलाला ते सांगताही येत नाही. तीन महिने पाणी टिकलं तर ऐकण्याची तपासणी करून घ्यायची. तेव्हा "किती हाका मारल्या, ऐकतच नाही कार्टी" म्हणून धपाटा घालण्याआधी एकदा कान दाखवून आणा. कदाचित तिला खरंच ऐकू येत नसेल.