पाय न टेंकतां

मोटारसायकल म्हणजे वेग, हें समीकरण ‘ट्रायल्स’ या खेळांत चालत नाहीं. ओढ्यांतून, शेवाळलेल्या खडकांवरून, आंखून दिलेल्या वाटेनें पाय न टेंकतां पार व्हावयाचें, एवढाच खेळ. एकदां टेंकल्यास एक दंडगुण, दोनदां दोन, पुढें कितीहि वेळां तीन. गाडी पडली कीं पांच. बसावयास आसन असें नसतेंच! उभ्यानें स्वारी, मागल्या चाकांत हवा इतकी कमी कीं रबरानें दगडास बिलगावें, आणि सारी विद्या क्लचवरील एका बोटांत.

यॉर्कशायरमध्यें राहत असतां, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, आम्ही हा नाद धरला. “संसारी माणसानें हाडें कां मोडून घ्यावीं?” हा मातुश्रींचा प्रश्न अनाठायीं नव्हता, तथापि ज्या गतीनें त्या देवळास जातात, त्याहून आमची गाडी क्वचितच वेगानें जाते, हें त्यांस पटवितां आलें नाहीं.

आमचा निभाव लागतो तो गाडीच्या हलकेपणामुळें. १९६५ सालीं स्कॉटलंडांतील सहा दिवसांच्या स्पर्धेंत सॅमी मिलरनें हलक्या स्पॅनिश बुलटाकोवर विजय मिळविला, आणि जड इंग्रजी गाड्यांचा जमाना ओसरला. त्या तर आम्हांस उचलवल्याहि नसत्या!

गेल्या रविवारीं एक टप्पा आम्ही निर्दोष पार केला. पाहावयास पंच तेवढा होता. त्यानें मूठ मिटून वर धरली, म्हणजे शून्य.