खोटी नखं, चापाची नथ

आधी शंका फेडून टाकते. हो, टाइप करता येतं. गेली तीन वर्षं माझ्या बोटांवर ॲक्रिलिकची नखं आहेत. बोटाच्या पुढे साधारण एक सेंटिमीटर, टोकाला बदामासारखी निमुळती. बोटं उभी न धरता जरा आडवी धरायची आणि पेराच्या मऊ भागाने की दाबायची, एवढंच. लॅपटॉपच्या बसक्या कीजवर काही अडत नाही. मेकॅनिकल कीबोर्डवर मात्र दोन कीजच्या फटीत नख अडकतं, म्हणून तो भावाला देऊन टाकला. मोबाइलच्या स्क्रीनला कातडी कळते, प्लॅस्टिक कळत नाही, कारण प्लॅस्टिकमधून वीज वाहत नाही. म्हणून तिथेही अंगठा आडवा. खरं अवघड काय असतं, तर टेबलावर पडलेलं नाणं उचलणं आणि डोळ्यातली लेन्स काढणं.

तरी प्रत्येक नव्या प्रोजेक्टच्या पहिल्या आठवड्यात कुणीतरी विचारतंच. आधीच्या कंपनीत एका सीनियरने कोड रिव्ह्यू चालू असताना, सगळ्यांसमोर, "एवढ्या नखांनी बग सापडतो का?" असं विचारलं होतं. बग त्याच्याच फंक्शनमध्ये होता.

घरचा आक्षेप वेगळा आहे. आजी म्हणते, "अगं, देवाने दिलीत ती नखं काय वाईट आहेत? खोटं कशाला मिरवायचं?" याच आजीच्या लग्नाच्या फोटोत तिचा भलामोठा अंबाडा आहे, आणि त्यातला निम्मा गंगावनाचा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: गंगावन म्हणजे स्वतःच्या केसांत गुंफायचे दुसऱ्याचे केस. ते कपाटात जपून ठेवलेलं असायचं, सणावाराला बाहेर निघायचं. आजही कुठल्याही लग्नात बघा, निम्म्या बायकांच्या नाकात चापाची नथ असते. नाक टोचलेलं नाही, मोती खरे नाहीत, पण त्याला कुणी खोटं म्हणत नाही. म्हणजे खोटेपणाशी आपलं भांडण नाहीच. चालणाऱ्या खोट्या गोष्टींची आपली एक यादी आहे आणि माझी नखं अजून तिच्यात आलेली नाहीत.

आजीचा खरा प्रश्न त्यानंतर येतो. "कणीक कशी मळणार?" गंगावन लावून घरातलं सगळं काम करता येतं. लांब नखं मात्र लांबूनच सांगतात की हे हात कणकेत जाणार नाहीत. हे तिचं निरीक्षण मला पटतं. वरण-भात मी आता चमच्याने खाते, भाजीतल्या हळदीने फिकट रंगाची नखं पिवळी पडतात, आणि भाकरी थापायचा तर प्रश्नच नाही. पण कणीक मी नखं नव्हती तेव्हाही मळत नव्हते. ते काम आमच्याकडे मावशी करतात, आणि भाऊही मळत नाही. त्याची नखं आखूड आहेत.

एका हातावरच्या सर्वांत लांब नखांचा जागतिक विक्रम पुण्याच्याच माणसाच्या नावावर आहे, हे कुणीतरी आजीला सांगायला हवं. श्रीधर चिल्लाळ यांनी 1952 पासून डाव्या हाताची नखं कापली नाहीत. 2018 मध्ये न्यूयॉर्कला ती कापली, तेव्हा पाच नखांची मिळून लांबी होती 909.6 सेंटिमीटर. तो हात कायमचा अधू झाला. तेव्हा अस्सल, देवाने दिलेली नखं म्हणून कौतुक करायचं असेल तर जरा जपून. माझी ॲसिटोनमध्ये अर्ध्या तासात सुटतात.

पापण्यांबद्दल मात्र मी आजीच्या बाजूने आहे. एका मावसबहिणीच्या लग्नात पट्टीवाल्या पापण्या लावल्या होत्या. दिवसभर नजरेच्या वरच्या कडेला दुकानाच्या छपरासारखं काहीतरी काळं दिसत राहिलं. सलूनमध्ये एकेका केसावर एकेक केस चिकटवतात, त्याचा गोंद फेविक्विकच्याच कुळातला, आणि तो डोळ्यापासून मिलिमीटरभर अंतरावर. शिवाय पापण्यांना त्यांचं स्वतःचं काम आहे. जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी 2015 मध्ये दाखवलं की सस्तन प्राण्यांच्या पापण्यांची लांबी डोळ्याच्या रुंदीच्या साधारण एक तृतीयांश असते. तेवढ्या लांबीने डोळ्यावरून जाणारी हवा अडते, डोळा कमी सुकतो, धूळ कमी बसते. त्याहून लांब पापण्या हवा उलट डोळ्याकडे वळवतात. स्क्रीनकडे बघताना आपण आधीच कमी मिटमिट करतो. कोरड्या डोळ्यांसाठी वर पैसे कशाला मोजू?

आणि त्या मला दिसतच नाहीत. आरशासमोरून हललं की त्या फक्त समोरच्याच्या. नखं माझी मला दिसतात, दिवसाचे नऊ तास, कीबोर्डवर. बांगड्या आणि मेंदी सोडली तर असा शृंगार दुसरा नाही. बारावीपासून मी नखं खायचे, रक्त येईपर्यंत. हात टेबलाखाली ठेवून मुलाखती दिल्या. ॲक्रिलिक दाताने तुटत नाही. रात्री अडीचला सर्व्हर पडला की बोट अजूनही तोंडाकडे जातं, कडक काहीतरी दातावर आपटतं आणि हात खाली येतो.

फुकट काहीच नसतं. ॲक्रिलिक म्हणजे एक द्रव आणि एक पावडर, बोटावर एकत्र येऊन घट्ट होणारी. द्रवाचा वास नाकात बसतो. न सुकलेला द्रव किंवा जेल वारंवार कातडीला लागलं तर ॲलर्जी होऊ शकते, आणि ती एकदा झाली की सहसा आयुष्यभराची. त्याच कुळातली रसायनं दातांच्या फिलिंगमध्ये आणि सांधा बदलताना वापरायच्या सिमेंटमध्ये असतात, तेव्हा हे प्रकरण नखांपुरतं राहत नाही. जेल नेलपॉलिशमधल्या टीपीओ या रसायनावर युरोपियन युनियनने 1 सप्टेंबर 2025 पासून बंदी घातली. ऑनलाइन मिळणारे स्वस्त घरगुती किट आणि त्यातला खेळण्यासारखा दिवा यांच्या वाटेला जाऊ नका, एवढं मी ठामपणे सांगेन. माझी नखं करणारी मुलगी मास्क आणि ग्लोव्हज घालते, तिची स्वतःची नखं अगदी आखूड आहेत. तरी तिच्या तर्जनीची कातडी भेगाळलेली असते. दर तीन आठवड्यांनी मी ते बोट जवळून बघते.

माझी मामेबहीण, ताई, नाशिकला एका हॉस्पिटलमध्ये स्टाफ नर्स आहे. तिला नखांची माझ्याहून जास्त हौस. पण रुग्णाला हात लावणाऱ्यांनी नकली नखं घालू नयेत आणि स्वतःची अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा कमी ठेवावीत, असं जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शन आहे. नखांखाली जंतू साठतात आणि हात धुऊनही ते राहतात. नियम योग्यच आहे, तीच मला समजावते. माझी नखं माझ्या पगारासारखीच माझ्या नोकरीतून येतात, हे तिच्याकडे बघताना कळतं. तिला लग्नाकार्यासाठी सुट्टी मिळाली की ती प्रेस-ऑन नखं लावते, गडद लाल. परवाच्या लग्नात जेवताना सगळ्यांनी चिडवलं, तरी तिने ती काढली नाहीत. जिलेबी दोन नखांच्या चिमटीत धरून खाल्ली. दुसऱ्या दिवशी तिची सकाळची ड्यूटी होती. रात्री कोमट पाण्यात हात बुडवून तिने एकेक नख सोडवलं, मागचा गोंद खरवडला, आणि बोटांच्या क्रमाने ती दहाही नखं डबीत लावून ठेवली. फेब्रुवारीत आणखी एक लग्न आहे.