देणे

माणसांप्रमाणे शब्दांचीही भावकी असते. एका वाड्यात जन्मलेली भावंडे पांगतात, कोणी घाटावर राहतो, कोणी कोकणात उतरतो. आणि चार पिढ्यांनी वंशज एकत्र आले, तर नाक तेच, पण स्वभाव अगदी निराळा! कादंबरी अडली की शब्दकोश चाळीत बसण्याची मला खोड आहे. तशीच एकदा बसले असता 'गिफ्ट' या शब्दाची भावकी मला भेटली.

हा शब्द आता आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. दिवाळीत तर तो चकचकीत कागदात गुंडाळून घरोघर हिंडतो. त्याचा मूळ अर्थ साधा: जे दिले ते. इंग्रजी, डच, जर्मन, स्वीडिश, डॅनिश या साऱ्या एकाच जर्मानिक कुळातल्या भाषा, आणि उच्चाराच्या थोड्याफार फरकाने हा शब्द या सगळ्या घरांत आहे. इंग्रजांकडे तो भेट झाला. डचांकडेही 'गिफ्ट' म्हणजे देणगी. मात्र टोकाचा 'ट' गळाला आणि 'गिफ' उरले, की विष! जर्मनांनी तर 'ट'चीही वाट पाहिली नाही. त्यांच्याकडे 'गिफ्ट' म्हणजेच विष. आणि स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क येथे तर कमालच झाली. तिथे या एकाच शब्दाचे दोन अर्थ होतात: एक विष आणि दुसरा विवाहित! यावर तिकडचे नवरे काय विनोद करीत असतील, ते इकडच्या नवऱ्यांना सांगायला नको.

पण ही गंमत अकारण घडलेली नाही. रोग्याला द्यायच्या औषधाच्या मापाला ग्रीक वैद्य 'डोसिस' म्हणत, म्हणजे 'देणे'. आपण डॉक्टरकडून घेतो तो डोस हाच. आणि आपल्या 'दान' शब्दाचे मूळही त्याच धातूत आहे. जर्मनांनी 'डोसिस'साठी आपला 'गिफ्ट' योजला. विषाचे नाव उघड घेण्यापेक्षा 'दिलेले' म्हणणे माणसाला बरे वाटते. होता होता भेट निघून गेली आणि विष तेवढे उरले. जुना अर्थ एका जोडशब्दाला मात्र चिकटून राहिला. तो शब्द 'मिटगिफ्ट', म्हणजे सोबत दिलेले. अर्थात हुंडा!

आणि विवाहित कशी? तर मुलगी 'दिलेली' म्हणून. जुन्या इंग्रजीतही हा शब्द वधूसाठी मोजलेल्या मोलाला लावीत.

इथवर मी हसत वाचीत होते. इथे हसू थांबले. कारण माझी आजीही येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे, "थोरल्या नातीला साताऱ्याला दिली." आपण कुठे वेगळे बोलतो?

माझ्या आत्याला १९७४ साली दिली. हुंडा घेणे १९६१ च्या कायद्याने गुन्हा ठरले होते, म्हणून त्या बैठकीत तो शब्द कोणी उच्चारला नाही. "तुम्ही हौसेने काय द्याल ते द्या," एवढेच व्याही म्हणाले. पहिल्या दिवाळसणाला हौस घड्याळाची निघाली, दुसऱ्या वर्षी अंगठीची. ती पुरवताना आजोबांना कर्ज झाले, आणि त्यांच्या मागे ते माझ्या वडिलांकडे आले. घरात त्याला 'आत्याचे देणे' म्हणत. मराठीचाही हा केवढा चमत्कार, की देवाचे देणेही देणेच आणि सावकाराचे देणेही देणेच! माहेरी जेवताना ते शब्द कानावर पडले, की आत्या हातातला घास पुन्हा पानात ठेवी.

पुढे तिच्या मुलाचे लग्न ठरले. होणाऱ्या विहीणबाई चाचरत म्हणाल्या, "हौसेने काय करायचे, ते सांगा."

"काही नाही," आत्या म्हणाली. "नारळ द्या. आणि मुलगी दिली म्हणू नका, विहीणबाई. आली म्हणा."

आत्या मराठी चार यत्ता शिकलेली. जर्मन विषाची आणि स्वीडिश संसाराची ही हकिगत तिला मी कधी सांगितली नाही; तिला ती नवी वाटली नसती.

कर्ज फिटेपर्यंतच्या साऱ्या वर्षांत भाऊबिजेला ओवाळताना ती वडिलांना तबकात सव्वा रुपयापेक्षा जास्त टाकू देत नसे. जास्त टाकले, तर उरलेले पैसे तिथल्या तिथे परत करी. ती सव्वा सव्वा रुपयाची नाणी तिने मोडली नाहीत. हळदीच्या एका जुन्या डब्यात ती अजून आहेत. बाजारात आता त्यांतल्या पावल्या चालत नाहीत. पण दिवाळी आली की आत्या डबा काढते, एकेक नाणे पदराने पुसते आणि परत ठेवून देते.