हवा की स्प्रिंग?

माझ्या १९७२च्या शेव्हरोले सी-१० पिकअपला एअर सस्पेन्शन बसवायचं की कॉइलओव्हर? कॉइलओव्हर म्हणजे शॉक अब्सॉर्बरभोवतीच स्प्रिंग. उंची एकदा पान्याने लावली की विषय संपला. एअरमध्ये रबरी फुगे, कॉम्प्रेसर, टाकी, व्हॉल्व्ह, नळ्या... जितके भाग तितके बग! हां, मागे सामान भरलं की स्प्रिंग दबणार. फुग्यात हवा वाढवली की गाडी पुन्हा सपाट. तरी माझ्यातला इंजिनियर कॉइलओव्हरच्याच बाजूने होता.

पण उन्हाळ्यात बाबा पुण्याहून इकडे अमेरिकेत येतायत, आणि गुडघ्यांमुळे त्यांना उंच चढवत नाही. बटण दाबलं की गाडी खाली बसेल, बाबा चढतील, मग ती उठेल. हवा गळलीच, तर साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधीन मी. ठरलं, एअरच!