पंचेचाळिसाव्या वर्षी लगाम हाती घेताना

गाडीत बसणे वेगळे आणि गाडी चालवणे वेगळे. आपल्या समाजाला नुसते बसायला मिळावे म्हणूनही झगडावे लागले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या आठवणींचे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे छोटेसे पुस्तक ज्यांनी वाचले असेल, त्यांना हे वेगळे सांगायला नको. १९०१ साली नऊ-दहा वर्षांचे भीमराव आपल्या भावाबरोबर व भाच्यांबरोबर मसूर स्टेशनवर उतरले. वडील गोरेगावला नोकरीस होते, त्यांच्याकडे जायचे होते. ही मुले महारांची आहेत हे कळताच एकही गाडीवान तयार होईना. अखेर एक जण तयार झाला, तो दुप्पट भाड्यावर. आणि अट अशी की, गाडी मुलांनीच हाकायची.

दुसरा प्रसंग १९२९ सालचा, चाळीसगावचा. बाबासाहेब तेव्हा बॅरिस्टर होते, सरकारी समितीचे सदस्य होते. तरीही स्टेशनवरून महारवाड्यात त्यांना घेऊन जायला टांगेवाले राजी झाले नाहीत. मग समाजबांधवांनी टांगा तेवढा भाड्याने घेतला आणि आपल्यापैकीच एकाने लगाम हाती घेतला. त्यात काय एवढे, असे त्याला वाटले होते. पण टांगा निघाला, जबाबदारी कळली, आणि तो इतका घाबरला की घोड्यावरचा ताबाच सुटला. नदीवरच्या पुलावर चाक अडकले. बाबासाहेब दगडी फरसबंदीवर फेकले गेले, पाय मोडला.

हा प्रसंग आपल्या सभांतून बरेचदा सांगितला जातो. टांगेवाल्याच्या जातीच्या घमेंडीबद्दल बोलले जाते आणि ते योग्यच आहे. पण माझे मन अलीकडे त्या लगाम धरणाऱ्या, नाव माहीत नसलेल्या माणसापाशी थांबते. त्याला घोडा हाकायला कोणी कधी शिकवले होते? त्याच्या दारात टांगा कधी उभा होता? मला त्याचा राग येत नाही. ज्या हातांना सराव करू दिला नाही, ते हात ऐन वेळी थरथरणारच. हे मी आज ठामपणे म्हणू शकते, कारण पंचेचाळिसाव्या वर्षी मोटार शिकताना माझेही हात तसेच थरथरले आहेत.

मी चाकूरला एका कार्यालयात लिपिक आहे. महिला मंडळाचे काम करते, मोर्च्यात घोषणा देते, साहेबासमोर निवेदन वाचताना माझा आवाज कापत नाही. मग गाडी शिकायची वेळ का आली? सासूबाईंमुळे. त्यांचे वय शहात्तर. उभा जन्म दुसऱ्याच्या रानात खुरपण्यात गेला. आता दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली असून आठवड्यातून दोनदा लातूरला डायलिसिसला न्यावे लागते. एका वेळेला चार तास. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून उपचार होतात. जाण्या-येण्याचे मात्र आपले आपण बघायचे.

कोणी म्हणेल, एस.टी. आहे की! खरे आहे. ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरीपुढच्या ज्येष्ठांना एस.टी. मोफत आहे आणि मार्च २०२३ पासून आम्हा बायकांना अर्धे तिकीट आहे. त्याचा लाभ आम्ही घेतलाही. पण डायलिसिस झाल्यावर माणसाच्या अंगात त्राण राहत नाही. स्टँडवर तास-दीड तास बसून, नंतर गर्दीत त्या उंच पायऱ्या चढणे सासूबाईंना जमेना. १०८ क्रमांकाची गाडी तातडीच्या रुग्णासाठी असते, रोजच्या फेऱ्यांसाठी नाही. राहिली भाड्याची जीप. मी बी. कॉम. झालेली बाई, हिशेब मांडला. एका फेरीला पंधराशे, महिन्याला आठ-नऊ फेऱ्या, म्हणजे बारा-तेरा हजार. स्वतःची गाडी असेल तर जाऊन-येऊन चार लिटर पेट्रोल. माझे पती पुण्याला कंपनीत आहेत, महिन्यातून एकदा येतात. त्यांनी ओळखीतून जुनी मारुती अल्टो हप्त्यावर घेऊन दिली. पुतण्या चालवत होता, त्याला तीन महिन्यांत नोकरी लागली आणि तोही पुण्याला गेला. गाडी दारात आणि चालवणारे कोणी नाही!

लेकीने मोबाईलवर शिकाऊ परवान्याचा अर्ज भरून दिला. २०२१ पासून ही परीक्षा घरबसल्या देता येते. चाळिशी ओलांडलेल्यांना डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडावे लागते, तेही घेतले. परीक्षेत पंधरा प्रश्न, त्यांपैकी नऊ बरोबर आले पाहिजेत. लेकीने माझी आठ दिवस शिकवणी घेतली. गोल पाटी म्हणजे हुकूम, त्रिकोणी म्हणजे सावधगिरी, चौकोनी म्हणजे माहिती. कागदावरची परीक्षा आपल्याला जड नाही. बाबासाहेबांच्या लेकी आहोत. पास झाले. खरी परीक्षा पुढे होती.

एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातले. पहिल्या दिवशी क्लच सोडला की गाडी गचका देऊन बंद पडे. एकदा, दोनदा, सात वेळा. मागून हॉर्न वाजले की माझ्या हाताला घाम सुटे, पाय काय करतोय ते डोक्याला कळत नसे. समोरून उसाची ट्रॉली आली की मी डोळे मिटून घेते की काय असे वाटायचे. शिकवणारा तरुण हसला आणि म्हणाला, "मावशी, ह्या वयात कशाला हौस?" हौस! त्या रात्री मी जेवले नाही. सासूबाई अंथरुणावरून म्हणाल्या, "माझ्यासाठी नको गं जीव धोक्यात घालू. किती दिवस राहिलेत माझे?" हे ऐकल्यावर तर माघार घेणे शक्यच नव्हते.

दुसरीकडे चौकशी केली. तिथले शिकवणारे काका वयस्कर, आधी ट्रकवर होते. त्यांनी मला रस्त्यावर नेलेच नाही. गावाबाहेरच्या मैदानात नेले, इंजिन चालू केले आणि सांगितले, "ताई, ब्रेकला, एक्सलेटरला पाय लावू नका. नुसता क्लच हळू सोडा. गाडी थरथरली की तिथंच पाय धरा." मी तसे केले. गाडी थरथरली आणि मुंगीच्या पावलाने आपोआप पुढे सरकली. "बघा, गाडी पण थरथरतीच की! मग तुम्ही कशाला भ्यायलाव? ती थरथर कळली की क्लच कळला." चार दिवस फक्त तेवढेच. नंतर पहिला गिअर, थांबणे, पुन्हा पहिला गिअर. पुढे चढावर हँडब्रेक लावून गाडी उचलणे. शिकवण्याच्या गाडीत त्यांच्या पायाखाली वेगळा क्लच आणि ब्रेक असतो, हे त्यांनी दाखवले तेव्हा अर्धी भीती गेली. शिकवणाऱ्याने हसायचे की पायरी पायरीने न्यायचे, यावर शिकणाऱ्याचे सारे अवलंबून असते. आपल्या वस्तीतल्या अभ्यासिकेत मुलांना शिकवणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे.

अष्टांगिक मार्गातील सम्यक व्यायाम आणि सम्यक स्मृती हे शब्द आपण विहारात नेहमी ऐकतो. स्टिअरिंगपाशी बसल्यावर ते मला नव्याने समजले. सम्यक व्यायाम म्हणजे रोजचा योग्य प्रयत्न. एका दिवसात लातूर गाठायची घाई नव्हे. सम्यक स्मृती म्हणजे जागे असणे; आरसा, समोरचा रस्ता, बाजूने येणारी सायकल, सगळ्यांचे भान. गाडी सुरू करण्यापूर्वी मी तीन सावकाश श्वास घेते. त्यात चमत्कार काही नाही, मन जागेवर येते एवढेच. आणि पाचवे शील तर थेट रस्त्यासाठीच आहे. मोटार वाहन कायद्याचे १८५ वे कलम दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याला शिक्षा सांगते. आपल्या धम्माने पिऊच नका म्हणून केव्हाच सांगून ठेवले आहे.

भीती सगळीच वाईट नसते, हेही सांगते. २०२२ साली आपल्या देशात रस्ते अपघातात १ लाख ६८ हजार ४९१ माणसे गेली. ताशी ६० किलोमीटर वेग म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ मीटर. समोरचे संकट दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला, तर तेवढ्यात गाडी १७ मीटर पुढे गेलेली असते. ज्याला हा हिशेब कळला तो थोडा भिईलच, आणि भ्यावेच. हातपाय गोठवणारी भीती सरावाने घालवायची आणि वेग आवरणारी भीती जपून ठेवायची.

शिकाऊ परवान्याला तीस दिवस झाल्यावर पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. मी घाई केली नाही, दोन महिन्यांनी गेले. रांगेत सगळी कॉलेजची पोरे. माझ्या वयाची मी एकटी. पहिल्या वेळी रिव्हर्स घेताना गाडी बंद पडली आणि नापास केले. सात दिवसांनी पुन्हा जाता येते, तशी गेले. या वेळी पास झाले. परवाना टपालाने घरी आला तेव्हा सासूबाईंनी तो हातात घेऊन माझा फोटो बराच वेळ पाहिला. त्यांना वाचता येत नाही. "ह्यावर तुझंच नाव हाय ना?" एवढेच विचारले.

आता आठवड्यातून दोनदा आम्ही दोघी लातूरला जातो. आष्टामोडला उदगीरचा फाटा येतो, तिथे माझी छाती अजून धडधडते. मी पन्नासच्या वर जात नाही. मागचे हॉर्न वाजवतात, वाजवू देत. सुगीच्या दिवसांत दिवे नसलेल्या ट्रॉल्या असतात, म्हणून अंधार पडायच्या आत परतायचे हा नियम केला आहे. परत येताना सासूबाई मागच्या सीटवर झोपी जातात. त्यांना झोप लागते, याहून मोठे प्रमाणपत्र मला कोणत्या कार्यालयातून मिळणार?

गेल्या महिन्यात वस्तीतल्या एका बाळंतिणीला रुग्णालयातून घरी आणायचे होते. तिची आई माझ्या दारात आली. जीपवाल्याच्या हातापाया पडायची वेळ तिच्यावर आली नाही. त्यानंतर मंडळाच्या बैठकीत मी विषय काढला आणि चार जणींनी शिकाऊ परवान्याचे अर्ज भरले. त्यांत एक अंगणवाडी मदतनीस आहे, एक भाजी विकणारी आहे. कोणाकडे आज गाडी नाही. पण विद्या आधी यावी, साधन मागून येते.

भगिनींनो, आपल्या लेकींना संगणक शिकवता, इंग्रजी शिकवता, तसे अठरा वर्षे पूर्ण होताच गाडीही शिकवा. आणि ज्यांचे वय उलटले त्यांनी लाजू नये. दहा दिवसांत नाही आले तर शंभर दिवसांत येईल. हसणारा शिक्षक सोडा, समजून सांगणारा शोधा. आपल्या माणसाच्या आजारपणात कोणी 'येत नाही' म्हणाला, तर आपल्यातल्या कोणीतरी लगाम हाती घ्यायला तयार असले पाहिजे, आणि तो कसा धरायचा हे तिला येत असले पाहिजे.

जयभीम! नमो बुद्धाय!